पिलं एकीकडे, तू दुसरीकडे

मावशी, पाणकोंबड्या अजून येतात. तू गेल्यावर त्या येईनाशा होतील असं मला उगाच वाटलं होतं, पण तू गेल्याची खबर त्यांच्यापर्यंत कुणी पोचवलेली दिसत नाही. आजही सकाळी एक आली. पांढरी छाती पुढे काढून, शेपटीचा तांबूस बुडखा वरखाली हलवत, घरची थोरली सून असल्यासारखी मागच्या दारच्या धुण्याच्या दगडापर्यंत आली, पडलेली शितं टिपली आणि माझी चाहूल लागताच अळवात पळाली. शितं मी टाकत नाही, सूनबाई टाकते. तिला तू पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा शाळेत जात होता, आता त्याचं लग्न झालं. मुलगी मनवेलपाड्याची, म्हणजे वाढली तिथल्या चाळीत, पण आईवडील मूळचे तुझ्याच बाजूचे, माणदेशातले. सकाळी माणिकपूरला कचेरीत जाते, संध्याकाळी येऊन वाडीत हिंडते, फोनवर पाखरांचे फोटो काढते आणि मला त्यांची नावं विचारते. लग्न होऊन आली तेव्हा बावखल पाहून दोन पावलं मागे सरली होती. "बाबा, याला कठडा का नाही?" मला हसू आलं. तू आलीस त्या संध्याकाळी तूही हेच विचारलं होतंस, "ही कसली इहीर? काठ न्हाई, कठडा न्हाई." आणि माझे बाबा म्हणाले होते, "विहीर नाय ती, बावखल. वाडीतला तळा. पावसाचा पानी यात मुरतो म्हनून आपल्या विहिरी गोड." तू मान डोलावलीस आणि ट्रंक बावखलापासून लांबच्या भिंतीला नेऊन ठेवलीस.

या सूनबाईनं मध्यंतरी मला एक साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नानं माझा आयुष्यभराचा एक किस्सा मोडला. किस्सा तुझाच आहे, म्हणून तुलाच लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही, बोलायची आहे, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा जरा इकडेतिकडे होईल, सांभाळून घे.

तू आलीस तेव्हा मी तिसरीत होतो. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. बाबा गोरेगावच्या कारखान्यात जायचे, वाडीकडे बघायला कुणी नव्हतं आणि माझ्याकडे बघायला तर त्याहून नव्हतं. कारखान्यातल्या घाटावरच्या दोस्तानं आपली बहीण सुचवली आणि तू भुईगावात उतरलीस. शेजारच्या काकूनं मला पाठीत ढोसून पुढे केलं, "हाक मार. आई म्हन." मी ओठ घट्ट मिटून घेतले. तूच वाकलीस आणि म्हणालीस, "आसूंदे. मावशी म्हन, लेकरा. मावशीबी चालंल." ते चाललं ते चाललंच. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. तुझं तर मीठच काय, तुझं बोलणं, चालणं, बाजरीची भाकरी थापताना होणारा आवाज, सगळंच मला अळणी लागायचं. तू वाईट वागावंस अशी मी वाट पाहत होतो. सावत्र आया कशा असतात ते मला गल्लीतल्या बायकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तू काही तशी वागेनास, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

माणसांच्या आधी तुला वाडीतली जनावरं कळली असं बाबा म्हणायचे. लाकडांच्या ढिगातून धामण निघाली की बायका घर डोक्यावर घ्यायच्या. तू खराटा हातात धरून उभी राहायचीस आणि तिला समजावायचीस, "जा बाई, आपल्या घरी जा. हितं दूध न्हाई, काय न्हाई." बाबा केळीखालून ओरडायचे, "अगो, तिचाच घर हाय ते! तू पावनी!" एकदा शिंजिराच्या मादीनं कपड्यांच्या तारेला घरटं टांगलं. मूठभर काड्याकचरा, कोळिष्टक, आणि बाजूला एक भोक. त्या पाखराचं बाळंतपण उरकेपर्यंत तू तारेला एक रुमालसुद्धा लावला नाहीस. बाबा दमट शर्ट घालून कारखान्यात जायचे आणि विचारायचे, "आता पोरां उडाली का नाय?" तू म्हणायचीस, "पंखं फुटूंद्यात की वो." परीक्षेच्या दिवशी भारद्वाज दिसणं चांगलं असतं हे तू कुणाकडून तरी ऐकलंस. मग परीक्षा आली की तू पहाटेपासून कुंपणाकडे डोळे लावून बसायचीस, आणि तो तांबड्या पंखांचा बोजड पक्षी दिसला की धावत यायचीस, माझी हनुवटी धरून मान तिकडे वळवायचीस. मी हात झटकायचो. ती बोटं ओली असायची आणि त्यांना राखेचा वास यायचा. आता भारद्वाज रोज दिसतो, फणसावर बसून ऊप ऊप करतो. मान वळवायला कुणी नाही, मीच वळवतो.

माझी बेचकी तू काढून घेतलीस तेही सांगून टाकतो. मी खंड्याला मारली होती, लागली नव्हती, पण तू पाहिलंस. मारलं नाहीस, बोललीसही थोडंच. "ते आपलं आपलं मासं खातंय. तुझ्या ताटातलं खातंय का?" मग शांतपणे बेचकीचं रबर सोडवलंस आणि खुराड्याच्या दाराला बांधलंस. तेव्हापासून ते दार आपोआप बंद व्हायला लागलं आणि मुंगसाचा त्रास कमी झाला. शत्रूची तोफ आणून आपल्या गडावर चढवावी तसं ते होतं. मी दोन दिवस जेवलो नाही, म्हणजे तुझ्यासमोर जेवलो नाही. तू भाकरी झाकून ठेवून बाहेर जायचीस.

आता तो किस्सा. मी तो कसा सांगतो ते तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण त्यात काय आहे आणि काय नाही ते मलाच एकदा नीट पाहायचंय.

मी पाचवीत असतानाची गोष्ट. बावखलाच्या काठी अळवाच्या दाटीत मावशीला अंडी सापडतात. लहान, मळकट, तांबूस ठिपक्यांची. माणदेशच्या बाईला पाणकोंबडी काय ठाऊक? तिला वाटतं, आपली एखादी तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, बाहेर अंडी घालून बसली. "पयल्या वेताची हायती, बारीकच असत्यात," असं म्हणून ती ओच्यात घालून आणते आणि खुडूक बसलेल्या तांबड्या कोंबडीखाली सरकवते. खुराडं हे मावशीचं राज्य, तिथे कुणी डोकावत नाही. दिवस भरतात, पिलं निघतात. कोळशासारखी काळीकुट्ट, पाय हे एवढाले. मावशी बाबांना म्हणते, "काळी निघाली ओ. पर गुणी हायती." तांबडी त्यांना घेऊन मोठ्या तोऱ्यात मिरवते. आणि श्रावणातल्या एका सोमवारी, शाळा अर्धी सुटलेली असते, तांबडी आपली काळी पलटण घेऊन बावखलाच्या पायऱ्यांशी येते. पिलं पाणी बघतात आणि टुपुक, टुपुक, टुपुक, सगळीच्या सगळी पाण्यात! कोंबडी वेडी होते. काठावर इकडून तिकडे, तिकडून इकडे, पंख पसरून नुसता आकांत.

तो आकांत ऐकून मावशी मागच्या दारातून बाहेर येते. हाताला पीठ. बघते आणि ओरडते, "धावा! धावा! पिलं बुडाली!" आणि पदर खोचून शिरते की पाण्यात! पोहायला येतं? छे. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं माहीत नाही. बरं, शिरावं तर कुठून? पिलं पायऱ्यांशी, जिथे कोंबडीसुद्धा उभी राहू शकेल. आणि ही पळत वळसा घालते, पार पलीकडे, कलत्या माडाकडे जाते, जिथे दोन पुरुष पाणी, आणि तिथून घेते उडी! पिलं एकीकडे, ही दुसरीकडे! इथे मी थांबतो, कारण इथे हशा ठरलेला असतो. मग पुढे. दुसऱ्या क्षणाला मावशी गायब, पाण्यावर नुसता अंबाडा. मी पाण्यातच होतो म्हणून बरं. अंबाडा धरला आणि ओढली. शेजारच्या काकूनं माडाची झावळी पुढे केली, तिला धरून कशीबशी काठाला आणली. काकू तिच्या पाठीवर थापट्या मारत ओरडते, "अगो येडे, पानकोंबडीची पोरां ती! ती काय बुडतात?" मावशी खोकते, पाणी ओकते, डोळे उघडते आणि पहिलं काम काय करते? मला एक सणसणीत थोबाडीत! वाचवणाऱ्यालाच थोबाडीत! इथे दुसरा हशा.

किस्सा संपला. हा मी भुईगावात प्रत्येक लग्नात सांगितला, प्रत्येक बारशाला सांगितला. तुझ्यासमोर सांगितला, तुझ्याकडे बोट दाखवून. "पाणकोंबडी" हे नाव तुला त्याच आठवड्यात पडलं आणि जन्मभर राहिलं. गल्लीत नवी आलेली बाईसुद्धा तुला आडून पाणकोंबडीच म्हणायची. तू पदर तोंडाला लावून हसायचीस. कधी कधी लोक माझ्याऐवजी तुलाच सांगायचा आग्रह करायचे तेव्हा म्हणायचीस, "त्यालाच येतं ते. त्यानंच सांगावं." तुझ्या बाराव्यालाही मी तो सांगितला. लोकांनी डोळे पुसत पुसत हसून घेतलं. मला वाटलं, मी तुला छान निरोप दिला.

त्या श्रावणातल्या सोमवारी संध्याकाळी काय झालं ते मात्र मी किश्शात कधी घेतलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बाबा कारखान्यातून आले. मी अंगणातच त्यांना गाठलं आणि एका दमात सांगितलं, "बाबा, आज मी माझ्या मावशीला वाचवली." मग सगळं सांगितलं, माडाचं, अंबाड्याचं, थोबाडीचं. बाबा आधी घाबरले आणि मग हसायला लागले. आई गेल्यानंतर त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. ओटीवर बसले, पोट धरलं, आत हाक मारली, "अगो, खरा का हे? पिलांमागे गेलीस?" तू चुलीपाशी होतीस. आधी तव्यावरची भाकरी उलटलीस. मग तू म्हणालीस, "व्हय. कुठं कळतंय मला पाण्यातलं." एवढंच. त्या दिवशी माझ्या ताटात जास्तीची भाकरी होती आणि ती मी तुझ्यासमोर बसून खाल्ली.

आता सूनबाईचा प्रश्न. श्रावण सरत आला होता. बावखलात पिलं उतरली होती आणि तिला फोटो हवा होता, म्हणून ती पहिल्यांदाच पायऱ्यांवर येऊन बसली, वरच्या पायरीवर, दोन्ही हातांनी दगड धरून. मी म्हटलं, चला, आता नव्या माणसाला किस्सा सांगायला हवा. सांगितला. पहिल्या हशाच्या जागी थांबलो. ती हसली नाही. मला वाटलं, हिला जागा कळली नसेल; पलीकडे जिथे आता कलत्या माडाचं नुसतं खोड उरलंय ते बोटानं दाखवलं आणि पुन्हा म्हणालो, "बघ ना, पिलं इथे, आणि ही तिथे!"

"पण बाबा," ती म्हणाली, "दार तर हे. दारातून आलं की आधी पायऱ्याच लागतात. म्हणजे आजी पिलांना ओलांडून गेल्या."

"अगं, तीच तर गंमत!"

"पिलं समोर दिसत असताना?"

मी हसलो, पण ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. तिनं विचारलं, "तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"मी? पाण्यात."

"म्हणजे पोहत होता?"

"नाही गं, खाली. पाण्याखाली. आम्ही पोरं माडावरून बुडी मारायचो आणि दम धरून तळाशी बसायचो. मला त्या पिलांच्या मधोमध वर यायचं होतं, त्यांना दचकवायला."

"म्हणजे माडावरून उडी मारली आणि वर आला नाहीत."

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं ते वाक्य पुरं केलं असतं. ही फोन पदराला पुसत बसली आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "मग यात पिलांचं कुठे काय आलं, बाबा?"

मावशी, इतकी वर्षं मी तो किस्सा सांगतोय, त्यातला शब्द न शब्द मला पाठ आहे, आणि त्यात मी कुठे होतो हे मी एकदाही मोजलं नाही. तू दारात आलीस तेव्हा तुला कोंबडी दिसली असेल, पिलंही दिसली असतील, पण त्याच्या आधी कलत्या माडावरून खाली गेलेलं माझं डोकं दिसलं असेल. तू वाट पाहिली असशील. पाणी सपाट झालं असेल आणि त्यावर शेवाळ पुन्हा मिटलं असेल. गल्लीतली सगळी पोरं तशी बुडी मारतात आणि आमच्या आयांना त्याचं काही वाटत नाही, कारण त्याही लहानपणी तशाच बुड्या मारून मोठ्या झालेल्या असतात. हे तुला कोण सांगणार होतं? तुझ्या गावी इहिरीत गेलेलं लेकरू वर येत नसे. "पिलं बुडाली" हे शब्द तुझे नव्हतेच, ते मी घातले, गोष्ट जमावी म्हणून. तू फक्त "धावा" ओरडली होतीस. काकूनं ते पुढे अनेकदा मला सांगितलंय, आणि तेही मी हसण्यावारी नेलं.

मग बाकीचं सगळं आपोआप उलगडत गेलं, नको नको म्हणताना. काठावर आल्यावर तू पिलांची चौकशीही केली नाहीस. ज्यांच्यासाठी जीव द्यायला निघालीस ती जगली की मेली, हे विचारायला नको होतं का? तू माझं मनगट धरलं होतंस आणि काकूनं बोटं सोडवेपर्यंत ते सोडलं नव्हतंस. मनगटावर ओल्या पिठाचा लगदा चिकटला होता, तो मी चड्डीला पुसला. आणि थोबाडीत का मारलीस, तेही कळलं. माझा मुलगा लहानपणी एकदा रिक्षाखाली येता येता वाचला होता, तेव्हा मीही आधी त्याला थोबाडीत मारली होती आणि मगच जवळ घेतलं होतं. फरक एवढाच की मला पुढचं करता आलं. तुला मी जवळ येऊ दिलं नसतं, हे तुला माहीत होतं.

मला छळतंय ते वेगळंच. तू बोलली का नाहीस? एका वाक्याचं काम होतं. "पिलांसाठी कोण जातंय, पोरगं बुडालं म्हणून गेले," असं म्हणाली असतीस तर त्याच दिवशी गल्लीची तोंडं बंद झाली असती. सावत्र सावत्र म्हणणाऱ्या बायकांनी तुला देव्हाऱ्यात बसवली असती. त्याऐवजी तू जन्मभर पाणकोंबडी होऊन राहिलीस. मी खूप विचार केला आणि मला एकच उत्तर सापडतं, आणि ते सापडल्यापासून मला नीट जेवण जात नाही. तू चुलीपाशी होतीस, आणि अंगणात मी म्हणालो होतो, "माझ्या मावशीला वाचवली." त्याआधी मी तुला कधी माझी म्हटलं नव्हतं. आणि बाबा हसत होते. खरं सांगितलं असतंस तर मी वाचवणारा राहिलो नसतो, पुन्हा एक व्रात्य पोर झालो असतो, आणि तेही तुझ्यामुळे. तू ते होऊ दिलं नाहीस. मला तू माझा पराक्रम देऊन टाकलास, आणि स्वतःसाठी हसं ठेवलंस. माझा अंदाज चुकतही असेल. आता विचारायला कुणी नाही. काकू गेली, बाबा तर तुझ्याही आधी गेले.

एक संध्याकाळ आठवते. तू थकली होतीस तेव्हा, गुडघे धरले होते. मी कामावरून आलो तर तू पायऱ्यांवर बसलेली, पाय पाण्यात सोडून. तू पाण्यात पाय सोडून बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. पलीकडे पाणकोंबडी पिलांना घेऊन अळवातून चालली होती आणि तू तिच्याकडे बघत होतीस. मला बघून म्हणालीस, "मला शिकवशील का रं पवायला?" आणि मी काय म्हणावं? तयारच होतो मी. "पाणकोंबडीला कशाला शिकवायला पाहिजे पोहायला!" माझी बायको दारात होती, तीही हसली. तूही हसलीस. मग पाय वर घेतलेस, लुगड्याच्या काठानं पुसलेस आणि म्हणालीस, "चला, दिवा लावायचा ऱ्हायलाय." तू खरंच विचारलं होतंस, हे मला आता वाटतं. उद्या पोर पुन्हा खाली गेलं तर, असं काही तुझ्या मनात असेल का? माझा मुलगा तेव्हा रांगत होता, मावशी. बावखलाला कठडा नव्हता. मी तुला पायरीवर उभं करून दोन हात मारायला शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं? माझी एक संध्याकाळ गेली असती, एवढंच. आणि एक विनोद.

तुला लिहायचं कारण खरं तर इथेच संपतं. पण आणखी एक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हे बंद करता येणार नाही.

परवा काकूच्या नातीची हळद झाली. मांडव त्यांच्या वाडीत होता, आपल्या कुंपणाला लागून. जेवणं झाली, खुर्च्या गोल झाल्या आणि कुणीतरी म्हणालंच, "काका, पाणकोंबडी होऊन जाऊ दे!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी ठरवून गेलो होतो. या वेळी खरा सांगायचा. अंडी सांगितली, खुराडं सांगितलं, काळी पलटण सांगितली. तुझ्या हाताचं पीठ सांगितलं. कलत्या माडापाशी आलो. सूनबाई समोरच होती, हातात ताटांची चवड, ती थांबली. तिला माहीत होतं मी काय ठरवलंय ते. सकाळीच मी तिला बोललो होतो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, हसायला तयार होऊन. आणि मला एकदम वाटलं, हे एक वाक्य मी बोललो की झालं. मग मी तुला कधी वाचवलेलंच नाही. तुझ्यासाठी मी आयुष्यात काय केलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे तेवढं एकच होतं. तेही तुझंच निघालं.

मी म्हणालो, "पिलं एकीकडे, आणि ही दुसरीकडे!"

हशा नेहमीपेक्षा मोठा झाला. सूनबाईनं ताटांची चवड उचलली आणि ती आत गेली. घरी येताना ती माझ्यापुढे चार पावलं चालत होती, आणि मला तिला हाक मारवली नाही.